प्रसरणशील विश्वातील क्षोभ: बनारस, केंब्रिज, पुणे

विश्वरचनाशास्त्राची गणिती उभारणी एका सोयीस्कर असत्यावर झालेली आहे. १९२२ मध्ये अलेक्झांडर फ्रीडमान याने आणि १९२७ मध्ये जॉर्ज लमेत्र याने आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षता सिद्धांताची समीकरणे सोडवून प्रसरण पावणाऱ्या विश्वाच्या ज्या उकली मिळवल्या, त्या सर्वांत विश्वातील द्रव्य सगळीकडे सारख्याच घनतेने पसरलेले आहे असे धरलेले होते. त्या गृहीतामुळे दहा गुंतागुंतीच्या समीकरणांचा गुंता दोन सुटसुटीत समीकरणांवर आला. तथापि, ज्या विश्वात घनता खरोखरच सगळीकडे सारखी आहे त्या विश्वात दीर्घिका नसतात, तारे नसतात आणि अशी समीकरणे मांडणारा कोणी नसतो. हे असत्य टाकून न देता त्याच्याच आधाराने सत्याच्या जवळ जाण्याची जी रीत विसाव्या शतकात घडत गेली, ती म्हणजे प्रसरणशील विश्वातील सूक्ष्म क्षोभांचा सिद्धांत होय. गुळगुळीत विश्वाची उकल पार्श्वभूमी म्हणून घ्यायची, तिच्यावर घनतेचा, वेगाचा आणि अवकाशाच्या वक्रतेचा अगदी अल्प फरक लादायचा, या फरकांचे वर्ग आणि गुणाकार नगण्य म्हणून सोडून द्यायचे, आणि उरलेल्या एकघाती समीकरणांवरून तो फरक काळाबरोबर वाढतो की विरतो हे पाहायचे, असे या रीतीचे स्वरूप आहे. समीकरणे एकघाती झाली की प्रत्येक तरंगलांबीचा क्षोभ इतरांपासून स्वतंत्रपणे वागतो, त्यामुळे अशक्य वाटणारा प्रश्न सुट्या सुट्या आणि सोडवता येण्याजोग्या प्रश्नांत विभागला जातो. ग्रहांच्या कक्षांसाठी ही युक्ती लाग्रांज आणि लाप्लास यांनी अठराव्या शतकातच वापरली होती. येथे मात्र क्षोभ ज्याच्यावर लादायचा ते अवकाशच स्वतः ताणले जात असते.

ताणल्या जाण्याने किती फरक पडतो हे जेम्स जीन्स याच्या १९०२ मधील निष्कर्षाशी तुलना केल्यावर कळते. जीन्सने स्थिर वायूचा विचार केला होता. एका ठरावीक लांबीपेक्षा मोठ्या भागात घनता किंचित वाढली, तर वायूचा दाब गुरुत्वाकर्षणापुढे हतबल होतो आणि ती वाढ घातांकी वेगाने, म्हणजे समान काळात दुपटी-दुपटीने, होत राहते असे त्याने दाखवले. या हिशेबाने दीर्घिका बनायला काहीच अडचण नव्हती. मॉस्कोतील येवगेनी लिफ्शिट्झ याने १९४६ मध्ये हाच प्रश्न व्यापक सापेक्षतेच्या चौकटीत आणि प्रसरण पावणाऱ्या पार्श्वभूमीवर सोडवला, तेव्हा मात्र निराळेच उत्तर हाती आले. गुरुत्वाकर्षण द्रव्य गोळा करू पाहते, तर प्रसरण त्याला पांगवत राहते; या ओढाताणीत घातांकी वाढ नाहीशी होते आणि घनतेतील तफावत केवळ विश्वाच्या आकारमानाच्या प्रमाणात, म्हणजे द्रव्यप्रधान विश्वात काळाच्या दोनतृतीयांश घाताने, वाढते. विश्व दुप्पट ताणले गेले तर तफावतही दुप्पट, त्याहून अधिक नाही. एका दीर्घिकेत अणूंची संख्या एकावर ६८ शून्ये इतकी धरली, तर त्यांच्या निव्वळ यादृच्छिक हालचालीतून निर्माण होणारी घनतेची तफावत एकास भागिले एकावर ३४ शून्ये एवढी असते, आणि असल्या बीजातून इतक्या मंद वाढीने दीर्घिका उभी राहणे शक्य नव्हते. लिफ्शिट्झने काढलेला निष्कर्ष नकारार्थी होता. परंतु त्याच लेखात त्याने क्षोभांची जी तीन वर्गांत विभागणी केली, ती आजतागायत टिकून आहे. घनतेतील चढउतार हे अदिश क्षोभ, द्रव्यातील भोवऱ्यासारखी फिरती गती हे सदिश क्षोभ, आणि द्रव्याशिवायही अस्तित्वात राहू शकणाऱ्या गुरुत्वीय तरंगांचे ते प्रदिश क्षोभ. पहिल्या पायरीच्या गणितात हे तिन्ही एकमेकांत मिसळत नाहीत.

त्याच १९४६ साली बनारस हिंदू विश्वविद्यालयात विष्णु वासुदेव नारळीकर आणि के. आर. करमरकर यांनी 'करंट सायन्स'मध्ये एक छोटे टिपण प्रसिद्ध केले, त्यात रिकाम्या पण निरनिराळ्या दिशांना निरनिराळ्या तऱ्हेने बदलणाऱ्या अवकाशाची एक अचूक उकल दिलेली होती. एडवर्ड कास्नर याने १९२१ मध्ये वेगळ्या स्वरूपात मांडलेल्या उकलीशी तिचे नाते आहे हे पुढे स्पष्ट झाले. कोल्हापुरात १९०८ मध्ये जन्मलेले विष्णुपंत केंब्रिजहून परतल्यावर १९३२ मध्ये बनारसला गणित विभागाचे प्रमुख झाले, आणि तेथे त्यांनी सापेक्षतावादाची जी शाळा उभी केली तिचा कल प्रामुख्याने अचूक उकलींकडे राहिला. प्रारण बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याभोवतीच्या अवकाशाची प्र. चु. वैद्य यांची १९४३ मधील उकल हे त्या शाळेचे सर्वांत प्रसिद्ध फळ. अचूक उकलीत काहीही सोडून दिलेले नसते, त्यामुळे तिची शुद्धता वादातीत असते. मात्र ती मिळवायची तर विश्वाला काही ना काही सममिती बहाल करावी लागते, आणि खऱ्या विश्वातील ढोबळ-बारीक गाठी नेमक्या त्या सममितीत हरवतात. हा कल महाराष्ट्रात अजून जिवंत आहे. नागपूर आणि अमरावती येथील विद्यापीठांच्या गणित विभागांत व त्यांच्या परिसरातील महाविद्यालयांत बियांकी प्रकारच्या प्रतिमानांवर, म्हणजे जागोजागी सारख्या पण दिशांनुसार भिन्न प्रसरण पावणाऱ्या विश्वांवर, वर्षानुवर्षे संशोधन चालत आलेले आहे, आणि वर्धा जिल्ह्यातील आंजी (मोठी) सारख्या गावातून तेथे पदव्युत्तर गणितासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्याला विश्वरचनाशास्त्राची पहिली ओळख क्षोभांपेक्षा या अचूक उकलींमधून होण्याचाच संभव अधिक. लिफ्शिट्झची वाट दुसरी होती. तीत अचूकता मुद्दाम सोडलेली होती, आणि सोडलेल्या भागाचा आकार किती हे सांगण्याची जबाबदारी घेतलेली होती. ही दुसरी वाट नारळीकर घराण्यापर्यंत पोहोचली ती पुढच्या पिढीत आणि विरोधकाच्या रूपात.

विष्णुपंतांचे पुत्र जयंत विष्णु नारळीकर १९५७ मध्ये बनारसहून केंब्रिजला गेले, १९५९ मध्ये तेथील गणिताच्या परीक्षेत पहिले येऊन सीनियर रँग्लर झाले, आणि फ्रेड हॉइल यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून त्यांनी १९६३ मध्ये डॉक्टरेट मिळवली. हॉइल, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या स्थिरस्थिती सिद्धांतानुसार विश्वाला आरंभ नव्हता. ते घातांकी वेगाने प्रसरण पावत होते आणि घटणारी घनता भरून काढण्यासाठी सतत नवे द्रव्य निर्माण होत होते. या निर्मितीला गणिती पाया देण्यासाठी हॉइल आणि नारळीकर यांनी एका ऋण ऊर्जेच्या क्षेत्राची योजना केली, त्याला निर्मितिक्षेत्र किंवा सी-क्षेत्र असे नाव मिळाले. रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात १९६३ मध्ये आलेल्या त्यांच्या लेखात एक प्रश्न असा होता की, विश्व सुरुवातीला वेडेवाकडे, गाठाळ आणि दिशांनुसार असमान असले तर पुढे काय होईल. उत्तर असे निघाले की, सी-क्षेत्राच्या प्रभावाखालील घातांकी प्रसरण सगळी असमानता धुऊन काढते. गाठी विरतात, दिशाभेद मावळतो आणि विश्व आपोआप एकसारख्या अवस्थेकडे झुकते. विश्व सर्व दिशांना इतके सारखे का दिसते या प्रश्नाला 'ते तसेच सुरू झाले' एवढेच उत्तर त्या काळी प्रचलित होते. त्याऐवजी एखाद्या भौतिक प्रक्रियेने हे साम्य घडवून आणले असे दाखवण्याचा हा पहिल्या प्रयत्नांपैकी एक होता, आणि त्याचे श्रेय त्याला जितके मिळायला हवे तितके मिळालेले नाही. पण जे गणित विश्वाला गुळगुळीत करण्यात इतके यशस्वी होते, त्याच्यापुढे दीर्घिका कशा बनतात हा प्रश्न अधिकच उग्र होऊन उभा राहणे क्रमप्राप्त होते.

तो प्रश्न ज्याने धारदार केला तो तरुण त्याच विद्यापीठात, डेनिस शामा यांच्या हाताखाली, शिकत होता. स्टीफन हॉकिंग यांना हॉइल हेच मार्गदर्शक हवे होते, ते मिळाले नाहीत. तथापि नारळीकरांची खोली जवळच असल्याने गुरुत्वाकर्षणाच्या नव्या हॉइल-नारळीकर सिद्धांताची आकडेमोड त्यांना प्रसिद्धीपूर्वीच पाहायला मिळाली होती. या सिद्धांतात एखाद्या कणाचे वस्तुमान हे विश्वातील इतर सर्व कणांच्या प्रभावांची बेरीज मानलेले होते, आणि त्या प्रभावांपैकी निम्मे भूतकाळातून तर निम्मे भविष्यकाळातून येणारे होते. जून १९६४ मध्ये रॉयल सोसायटीच्या सभेत हॉइल यांनी हा सिद्धांत मांडल्यावर हॉकिंग यांनी उभे राहून, प्रसरणशील विश्वात भविष्याकडून येणारी ही बेरीज अनंत होते, असा आक्षेप घेतला. १९६५ मध्ये तो आक्षेप लेखरूपाने प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी सादर झालेल्या, 'प्रसरणशील विश्वांचे गुणधर्म' अशा अर्थाच्या शीर्षकाच्या हॉकिंग यांच्या प्रबंधाचे तेच पहिले प्रकरण ठरले. हा प्रबंध सामान्यतः त्याच्या चौथ्या प्रकरणासाठी, म्हणजे विश्वारंभीची सिंग्युलॅरिटी (घनता व वक्रता अनंत होण्याची अवस्था) अटळ असल्याच्या सिद्धतेसाठी, स्मरला जातो. प्रस्तुत इतिहासाच्या दृष्टीने महत्त्व दुसऱ्या प्रकरणाचे आहे.

हे प्रकरण १९६६ मध्ये स्वतंत्र लेख म्हणून प्रसिद्ध झाले. त्यात हॉकिंग यांनी लिफ्शिट्झप्रमाणे अवकाशाच्या मापन-प्रदिशातले बदल न घेता, द्रव्याच्या प्रवाहरेषा एकमेकींपासून कशा दूर जातात, कशा मुरडतात आणि भोवतालची वक्रता कशी बदलते या प्रत्यक्ष राशींवर गणित रचले. या पद्धतीच्या मुळाशी कलकत्त्याच्या अमलकुमार रायचौधुरी यांचे १९५५ मधील समीकरण होते. शेजारच्या कणमार्गांच्या समूहाचे आकारमान कोणत्या वेगाने बदलते ते प्रसरण, विरूपण, परिभ्रमण आणि द्रव्य या घटकांत मांडणारे हे समीकरण कोणत्याही सममितीची अट घालत नाही. योगायोग असा की नारळीकरांचे अगदी सुरुवातीचे एक काम, १९६३ मधील, विरूपण आणि परिभ्रमण असलेल्या न्यूटनी विश्वांवरच होते, म्हणजे दोघेही त्याच राशींभोवती फिरत होते. हॉकिंग यांच्या गणितातून परिभ्रमणाचे क्षोभ विरून जातात, घनतेचे क्षोभ फार मंद वाढतात, आणि म्हणून सुरुवातीला अत्यल्प असलेल्या क्षोभांच्या वाढीतून दीर्घिका बनू शकत नाहीत असा निष्कर्ष निघाला. महास्फोटाच्या विश्वात ही अडचण होती. स्थिरस्थितीच्या विश्वात तर घनतेचा क्षोभ वाढण्याऐवजी विरतच होता, म्हणजे १९६३ मध्ये जो गुण म्हणून मांडला गेला तोच आता दोष ठरत होता.

हॉइल आणि नारळीकर यांनी या अडचणीला दिलेले उत्तर सूक्ष्म क्षोभांचे नव्हतेच. १९६६ मध्ये लंबवर्तुळाकार दीर्घिकांच्या निर्मितीवरील लेखात त्यांनी बीज म्हणून आधीपासून असलेले एक प्रचंड आणि घट्ट वस्तुमान घेतले, आणि ते भोवतालच्या वायूच्या प्रसरणाला एका मर्यादेपर्यंत कशी खीळ घालते याचा हिशेब मांडला. क्षोभ लहान असल्याची अट येथे सोडून दिलेली होती, त्यामुळे एकघाती समीकरणांची सोयही गेली. दीर्घिकांच्या केंद्रस्थानी अब्जावधी सूर्यांएवढी कृष्णविवरे असल्याचे पुढे दिसून आले, तेव्हा ही कल्पना अगदीच हवेतली नव्हती असे म्हणता येते. पण बीज कोठून आले या प्रश्नाचे उत्तर ती देत नव्हती, फक्त प्रश्न एक पायरी मागे ढकलत होती.

दरम्यान १९६५ मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांना सर्व दिशांनी येणारे सूक्ष्मतरंगांचे प्रारण सापडले आणि बहुसंख्य शास्त्रज्ञांनी ते महास्फोटाचा अवशेष मानले. क्षोभ सिद्धांताच्या दृष्टीने या शोधाचे मोल वेगळेच होते, कारण आता क्षोभ पाहण्याची जागा मिळाली. विश्व सुमारे ३,८०,००० वर्षांचे असताना प्रारण द्रव्यापासून सुटले, आणि त्या क्षणी घनतेत असलेली तफावत आज आकाशातील तापमानाच्या फरकांच्या रूपाने दिसायला हवी हे रेनर सॅक्स आणि आर्थर वुल्फ यांनी १९६७ मध्ये दाखवले. प्रारण व वायू यांच्या घट्ट मिश्रणात उठणाऱ्या ध्वनितरंगांची खूणही त्यात उमटलेली असेल हे १९७० मध्ये एकीकडे पीबल्स आणि यू यांनी व दुसरीकडे सुन्याएव आणि झेल्डोविच यांनी दाखवून दिले. त्या क्षणापासून आजपर्यंत विश्व सुमारे अकराशे पटींनी ताणले गेले आहे. लिफ्शिट्झच्या नियमानुसार घनतेची तफावतही फार तर हजारपट वाढणार, म्हणून आज दीर्घिका दिसायच्या असतील तर तेव्हाच्या प्रारणात हजारात एक भागाच्या आसपासचा फरक दिसायला हवा होता. निरीक्षणे अधिकाधिक सूक्ष्म होत गेली तरी तो दिसेना. ही कोंडी फुटली ती कृष्णद्रव्याच्या गृहीताने: जे द्रव्य प्रकाशाशी देवाणघेवाण करत नाही त्याला प्रारणाचा दाब रोखू शकत नाही, त्यामुळे त्याच्या गाठी आधीपासून वाढत राहतात आणि साधे द्रव्य मोकळे झाल्यावर त्या तयार खळग्यांत ओढले जाते. दीर्घिकांच्या परिभ्रमणावरून सुचलेल्या अदृश्य द्रव्याची गरज अशा रीतीने क्षोभांच्या मंद वाढीवरूनही सिद्ध होत होती, आणि दोन्ही पुराव्यांत हा दुसरा लेखकाच्या मते अधिक बळकट आहे, कारण तो एखाद-दुसऱ्या दीर्घिकेच्या लहरीवर अवलंबून नाही.

याच सुमारास गणितातील एक जुने दुखणे असह्य झाले. क्षोभ म्हणजे खरे विश्व वजा कल्पित गुळगुळीत विश्व. पण खऱ्या विश्वातला कोणता बिंदू कल्पित विश्वातल्या कोणत्या बिंदूशी जोडायचा याचा कोणताही नैसर्गिक नियम नाही. ही जोडणी बदलली की वजाबाकीचे उत्तर बदलते. आंजीच्या शिवारातील चढ मोजताना समतल रेषा कोठे धरली त्यावर एखाद्या बांधाची उंची ठरावी, आणि रेषाच तिरपी धरली तर सपाट वावरातही चढ असल्याचा भास व्हावा, तसे हे आहे. या जोडणीच्या निवडीला गेज म्हणतात. लिफ्शिट्झने निवडलेल्या गेजमध्ये निवड पूर्णपणे बांधली जात नव्हती, आणि त्यामुळे त्याच्या उकलींत असे काही क्षोभ शिरत होते की ज्यांना भौतिक अस्तित्वच नव्हते. हॉकिंग यांच्या लेखातील घनतेची तफावत ही राशीही या दोषातून पूर्णपणे मुक्त नव्हती. जेम्स बार्डीन यांनी १९८० मध्ये या समस्येचा निकाल लावला. गेज बदलताना निरनिराळ्या राशी कशा बदलतात ते तपासून त्यांनी त्यांची अशी मिश्रणे तयार केली की त्यांतले बदल परस्परांना छेदून जातात. या मिश्रणांचे मूल्य कोणत्याही गेजमध्ये तेच राहते, म्हणून जे मोजले ते खरे असल्याची खात्री मिळते. जॉर्ज एलिस आणि मार्को ब्रुनी यांनी १९८९ मध्ये हॉकिंग यांच्याच वाटेने जाऊन दुसरा तोडगा काढला. पार्श्वभूमीच्या विश्वात जी राशी मुळातच शून्य असते, उदाहरणार्थ घनतेचा एका जागेपासून दुसऱ्या जागेपर्यंतचा उतार, तिच्या बाबतीत वजाबाकीत वजा करायचे काही उरतच नाही, म्हणून ती आपोआपच गेजच्या कचाट्यातून सुटते. रायचौधुरींच्या समीकरणाचा हा सर्वांत देखणा उपयोग म्हणावा लागेल.

बार्डीन यांचे हत्यार तयार झाले आणि लगेच त्याला काम मिळाले. १९८१ मध्ये ॲलन गूथ यांनी, विश्वाच्या अगदी आरंभीच्या सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशात घातांकी प्रसरणाचा एक टप्पा होऊन गेला, असे प्रतिपादन केले. या टप्प्याला इन्फ्लेशन हे नाव रूढ झाले. ज्या घातांकी प्रसरणाने असमानता धुतली जाते असे हॉइल आणि नारळीकर यांनी १९६३ मध्ये दाखवले होते, तेच प्रसरण आता वेगळ्या क्षेत्राच्या नावाने आणि थोड्या काळापुरते परत आले होते. नारळीकर आणि थानू पद्मनाभन यांनी १९८५ मध्ये सी-क्षेत्राच्या विश्वातही सिंग्युलॅरिटी टळते आणि इन्फ्लेशनने सोडवलेले क्षितिजाचे (परस्परसंपर्क नसलेले भाग सारखे का) व सपाटपणाचे (अवकाश जवळजवळ वक्रताहीन का) प्रश्न सुटतात हे मांडून या नात्याकडे लक्ष वेधले. पण हॉकिंग यांनी १९६६ मध्ये दाखवलेला दोषही त्या प्रसरणाबरोबर परत यायला हवा होता: सगळे धुऊन निघाल्यावर दीर्घिकांची बीजे कोठली? उत्तर पुंजयामिकीने दिले. पूर्ण रिकाम्या भासणाऱ्या क्षेत्रातही पुंजयामिकीच्या नियमांनुसार अटळ कंपने असतात. घातांकी प्रसरणात त्यांची तरंगलांबी ताणत ताणत दृश्य क्षितिजापलीकडे जाते, तेथे कंपन थांबून त्याची उंची गोठते, आणि इन्फ्लेशन संपल्यावर पुष्कळ काळाने तोच तरंग क्षितिजाच्या आत घनतेच्या खऱ्या क्षोभाच्या रूपाने परततो. व्याचेस्लाव मुखानोव्ह आणि गेनादी चिबिसोव्ह यांनी १९८१ मध्ये असे गणित प्रथम मांडले, आणि १९८२ च्या उन्हाळ्यात केंब्रिजमध्ये हॉकिंग व गॅरी गिबन्स यांनी भरवलेल्या कार्यशाळेत गूथ, स्तारोबिन्स्की, बार्डीन, स्टाइनहार्ट, टर्नर आणि स्वतः हॉकिंग यांच्यात क्षोभांचा आकार नेमका किती निघतो यावर कित्येक दिवस खल चालला. सुरुवातीला उत्तरे जुळत नव्हती. शेवटी जुळली तेव्हा सर्व लांबींवर क्षोभ जवळजवळ सारख्याच उंचीचे असतात, पण तेव्हा विचारात असलेल्या प्रतिमानात ती उंची गरजेपेक्षा फार मोठी येते, असे ठरले. अल्प क्षोभांतून दीर्घिका बनू शकत नाहीत असे सोळा वर्षांपूर्वी सांगणारा गणिती आता त्या क्षोभांचा उगम मोजणाऱ्यांत होता. त्याचे जुने गणित चुकलेले नव्हते. वाढ आजही तेवढीच मंद आहे. बदलली ती फक्त बीजे, जी औष्णिक योगायोगातून येणाऱ्या तफावतीपेक्षा कल्पनातीत मोठी होती.

भारतात या विषयाला घर मिळाले ते पुण्यात, आणि तेही नारळीकरांनीच बांधलेल्या घरात. १९७२ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परतलेल्या नारळीकरांनी १९८८ मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका, म्हणजे खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी यांचे आंतरविद्यापीठ केंद्र, स्थापन केले आणि २००३ पर्यंत ते त्याचे संचालक होते. स्वतः संचालक महास्फोटावर अविश्वास दाखवणारे, आणि संस्थेतील तरुण त्याच महास्फोटाच्या चौकटीत क्षोभांची समीकरणे सोडवणारे, अशी विलक्षण स्थिती तेथे होती. संस्थाप्रमुखाचे मत हाच संस्थेचा सिद्धांत ठरण्याची आपल्याकडील सवय लक्षात घेता ती दाद देण्याजोगी म्हटली पाहिजे. १९९१ मध्ये नारळीकर आणि पद्मनाभन यांनी मिळून खगोलशास्त्रज्ञांसाठी इन्फ्लेशनचा चिकित्सक आढावा लिहिला. १९९२ मध्ये पद्मनाभन आयुकात आले आणि १९९३ मध्ये विश्वातील संरचनांच्या निर्मितीवरील त्यांचे पाठ्यपुस्तक केंब्रिजहून प्रसिद्ध झाले. एकघाती वाढीपासून गाठी घट्ट होऊन वर्ग-घन सोडून देणे अशक्य होईपर्यंतचा सगळा प्रवास त्यात पायरीपायरीने उलगडलेला आहे. त्या पलीकडच्या प्रदेशाबद्दल राजाराम नित्यानंद यांच्यासमवेत त्यांनी १९९४ मध्ये, द्रव्याच्या जोड्या कोणत्या वेगाने जवळ येतात यावरून गाठींच्या वाढीचा नियम बांधण्याचा प्रयत्न केला. मॉस्कोच्या परंपरेत शिकलेले वरुण साहनी यांनी झेल्डोविचची रीत पुण्यात आणली. क्षोभ मोठे झाल्यावर द्रव्य पातळ पडद्यांत आणि तंतूंत कसे साठते आणि मधल्या पोकळ्या कशा फुगतात हे तिच्यामुळे मोठ्या संगणकाशिवायही बऱ्याच अंशी सांगता येते.

२३ एप्रिल १९९२ रोजी कोबे उपग्रहाच्या चमूने प्रारणाच्या तापमानात लाखात एक भाग एवढे फरक सापडल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी तरुण सौरदीप आणि साहनी यांनी, या फरकांतील किती वाटा घनतेच्या क्षोभांचा आणि किती गुरुत्वीय तरंगांचा असू शकतो हे इन्फ्लेशनच्या निरनिराळ्या प्रतिमानांसाठी काढून दाखवले. नारळीकर मात्र आपल्या जागेवरून हलले नाहीत. १९९३ मध्ये हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी स्थिरस्थितीचे सुधारित रूप मांडले, त्यात विश्व दीर्घ काळात प्रसरण पावतानाच मधूनमधून आकुंचन-प्रसरणाची आवर्तने घेते. या प्रतिमानाची स्थिरता क्षोभांच्याच कसोटीवर तपासली गेली, आणि १९९९ मध्ये अली नायेरी, सुनू इंजिनिअर आणि हॉइल यांच्यासह संगणकावर त्यांनी असे दाखवले की, जुन्या गाठींच्या शेजारी नव्या द्रव्याची निर्मिती होत राहिली तर गुरुत्वाकर्षणाच्या आधाराशिवायही तंतू आणि पोकळ्या उमटतात. हे खेळण्यातले प्रतिमान असल्याचे त्यांनीच म्हटले होते. प्रारणातील ध्वनितरंगांच्या शिखरांची एकामागून एक मोजमापे आली, आणि ती एकघाती क्षोभ सिद्धांताच्या आकडेमोडीवर इतकी चपखल बसली की, हे प्रतिमान त्यानंतर स्पर्धेत राहिले असे म्हणता येत नाही.

एकविसाव्या शतकात प्रश्न उलटा विचारला जाऊ लागला, म्हणजे गणित बरोबर धरून पार्श्वभूमीचे मूळ गृहीत तपासणे सुरू झाले. अमीर हाजियान आणि सौरदीप यांनी २००३ मध्ये, क्षोभांचे सांख्यिकीय स्वरूप आकाशाच्या सर्व दिशांना खरोखर सारखे आहे काय हे पाहण्यासाठी गोलीय संवादी फलनांच्या जोड्यांवर आधारित एक मोजपट्टी तयार केली, आणि पुढे प्लँक उपग्रहाच्या निरीक्षणांवर तिच्या जातीच्या कसोट्या लावण्यात आयुकातील गटाचा सहभाग राहिला. २०१८ च्या प्लँक निकालांनुसार क्षोभांच्या उंचीचा लांबीनुसार बदल दर्शवणारा निर्देशांक ०.९६५ आहे, म्हणजे अगदी सारखेपणाच्या १ या मूल्यापेक्षा थोडासा पण निःसंशय कमी, आणि इन्फ्लेशनच्या साध्या गणितातून अपेक्षा होती ती नेमकी अशाच कमतरतेची. लिफ्शिट्झच्या तीन वर्गांपैकी सदिश क्षोभ विरून गेलेले, अदिश क्षोभ तपशीलवार मोजलेले, अशी आजची स्थिती आहे. प्रदिश क्षोभ, म्हणजे आरंभकाळातील गुरुत्वीय तरंग, अद्याप सापडलेले नाहीत, आणि दक्षिण ध्रुवावरील दुर्बिणींच्या २०२१ मधील निकालांनी त्यांचा वाटा अदिश क्षोभांच्या तुलनेत ०.०३६ पेक्षा कमी असल्याची मर्यादा घातली आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडिया या प्रकल्पाला केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली, परंतु तो सेकंदाला दहा ते काही हजार कंपने असलेले तरंग, म्हणजे प्रामुख्याने एकमेकांत विलीन होणाऱ्या कृष्णविवरांचे तरंग, टिपण्यासाठी आहे. इन्फ्लेशनच्या तरंगांची त्या पट्ट्यातील तीव्रता साहनी यांच्या १९९० मधील गणितासारख्या आकडेमोडीवरून काढली, तर ती अशा यंत्राच्या आवाक्याच्या पुष्कळ खाली येते. त्यांचा शोध प्रारणाच्या ध्रुवीकरणात, विश्वाएवढ्या लांबीच्या तरंगांच्या रूपातच घ्यावा लागणार आहे.